ड्रॅग-ड्रॉपमध्ये 'नक्की ना?' कधी विचारायचं आणि अनडू कसा द्यायचा (नवीन वेब डेव्हलपरांसाठी)

ड्रॅग अँड ड्रॉप बसवणं आता काही अवघड राहिलेलं नाही, सॉर्टेबल-जेएस नाहीतर डीएनडी-किट अशी तयार लायब्ररी घेतली की दुपारपर्यंत कार्डं इकडून तिकडे उड्या मारायला लागतात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. माणसाचा हात सुटतो, कार्ड भलत्याच कॉलममध्ये पडतं आणि नेमकं काय हललं हेही त्याला कळत नाही. मग टीममधलं कुणीतरी म्हणतं, प्रत्येक ड्रॉपला 'आर यू शुअर' टाकून द्या, विषय संपला. पण संपत नाही ना, कारण दिवसभर कार्डं हलवणारा माणूस थोड्याच वेळात तो पॉपअप वाचणं सोडून देतो, बोट आपोआप ओकेवर जातं, आणि ज्या एका वेळेला खरंच थांबायला हवं होतं तेव्हाही तो ओकेच दाबतो.

माझं मत सरळ आहे. जे परत फिरवता येतं त्यासाठी विचारत बसू नका, करून टाका आणि परत फिरवायची सोय द्या. जे खरंच फिरवता येत नाही तेवढ्यासाठीच विचारा, आणि तेही आधी हे तपासून की ते फिरवता येण्यासारखं करता येतंय का.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे गोंधळ नको. हाउसिंग सोसायटीच्या तक्रारींचा बोर्ड. कॉलम तीन, 'नवीन', 'काम चालू' आणि 'झालं'. कार्डं म्हणजे 'बी-३०४ बाथरूममधून गळती', 'लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते' वगैरे. सोसायटीचा मॅनेजर कार्डं हलवतो, सेक्रेटरीही हलवू शकतात. कार्ड 'झालं'मध्ये पडलं की तक्रार करणाऱ्याला एसएमएस जातो. आणि उजवीकडे एक पट्टी आहे, तिच्यावर कार्ड सोडलं की ते बाहेरच्या कंत्राटदाराच्या बोर्डवर जातं, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबरासकट.

पायरी १ : कोडला हात लावायच्या आधी ड्रॉपची यादी करा

कागदावर लिहिली तरी चालेल. आपल्या बोर्डवर चार प्रकारचे ड्रॉप आहेत. त्याच कॉलममध्ये वर-खाली, याने कुणाचंच काही बिघडत नाही. 'नवीन'मधून 'काम चालू'मध्ये, हे बाकीच्यांना दिसतं पण परत आणता येतं. 'झालं'मध्ये, इथे एसएमएस आहे, आणि गेलेला एसएमएस परत बोलावता येत नाही. आणि कंत्राटदाराची पट्टी, इथे माहिती सोसायटीच्या बाहेर जाते.

प्रत्येकापुढे एवढंच लिहा की यात आपल्या डेटाबेसच्या बाहेर काय जातं. काहीच जात नसेल तर फक्त अनडू. जात असेल पण थोडं थांबवून ठेवता येत असेल तर उशीर अधिक अनडू. आणि थांबवून उपयोग नसेल तर विचारा. यादी केली की बहुतेक वेळा असं दिसतं की पॉपअप अख्ख्या अ‍ॅपमध्ये एखाद-दोन ठिकाणीच लागतोय.

गूगल कॅलेंडर यासाठी बघण्यासारखं आहे. मीटिंग एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर ओढा, तुमच्या एकट्याची असेल तर ती गपचूप हलते आणि खाली अनडूची पट्टी येते. त्यात पाहुणे असतील तर मात्र ते विचारतं की त्यांना बदलाचा मेल पाठवायचा का. दोन्ही वेळा हाताची हालचाल तीच, पण परिणाम दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये जाणार म्हटल्यावर प्रश्न येतो.

पायरी २ : चुकून होणारे ड्रॅग आधीच अडवा

अनडू कितीही चांगला असला तरी मुळात चूक कमी झालेली बरी. क्लिक करताना माउस एखाद-दोन पिक्सेल हलतोच, तो ड्रॅग समजायचा नाही. विंडोजमध्येही साधारण ४ पिक्सेल हलल्याशिवाय ड्रॅग सुरू होत नाही. लायब्ररीत ही मर्यादा सेट करता येते, डीएनडी-किटमध्ये त्याला अ‍ॅक्टिव्हेशन कन्स्ट्रेंट म्हणतात, माउससाठी ५ च्या आसपास ठेवा. टचवर पिक्सेलपेक्षा वेळ महत्त्वाची, कारण मोबाइलवर माणूस कार्डावर बोट ठेवूनच स्क्रोल करतो, तिथे पाव सेकंद दाबून धरल्यावरच ड्रॅग सुरू होऊ द्या किंवा कार्डाला पकडायला सहा ठिपक्यांचं हँडल द्या. मला हँडल जास्त आवडतं, दिसतं तरी.

एस्केप दाबलं की ड्रॅग रद्द आणि कार्ड मूळ जागी. कॉलमच्या बाहेर कुठेतरी सोडलं तरी मूळ जागी, 'जवळच्या कॉलममध्ये टाकून देऊ' असला शहाणपणा नको. ब्राउझरचं स्वतःचं ड्रॅग वापरत असाल तर ओढणं संपल्यावर येणाऱ्या ड्रॅगएंड इव्हेंटमध्ये ड्रॉपइफेक्ट 'नन' आला की समजायचं ड्रॉप झालाच नाही. याच पद्धतीत नवीन लोक हमखास अडकतात ती जागा म्हणजे ड्रॅगओव्हर (ओढलेली वस्तू एखाद्या जागेवर असेपर्यंत येत राहणारा इव्हेंट), त्यात प्रिव्हेंटडिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरचं नेहमीचं वागणं थांबवणं, केलं नाही तर ड्रॉप इव्हेंट येतच नाही, आणि ड्रॅगओव्हरमध्ये डेटा वाचायला गेलात तर रिकामा मिळतो, तिथे फक्त टाइप्स दिसतात, खरा डेटा ड्रॉपमध्येच वाचता येतो. ही सगळी भानगड जुनी आहे, मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये जे केलं होतं तेच पुढे एचटीएमएल-५ मध्ये आलं, त्यामुळे त्यात फार तर्क शोधू नका.

आणखी एक, कार्डावर गळतीचा फोटो ओढून टाकायची सोय असेल तर पूर्ण विंडोवर ड्रॅगओव्हर आणि ड्रॉप दोन्ही अडवून ठेवा. नाहीतर फोटो दोन बोटं बाजूला पडला की ब्राउझर तो फोटोच उघडून बसतो, आणि त्याच टॅबमध्ये उघडला तर तुमचं पेज गेलं आणि अर्धवट लिहिलेली तक्रारही गेली. इथे अनडू वगैरे काही कामाला येत नाही.

पायरी ३ : ड्रॅग सुरू होताना 'आधी कुठे होतं' ते लिहून ठेवा

अनडूचा पाया इथेच आहे. ड्रॅगस्टार्टलाच कार्डाचा आयडी, जुना कॉलम आणि जुनी जागा एका ऑब्जेक्टमध्ये ठेवा. ड्रॉपनंतर शोधायला गेलात तर जुनं काही उरलेलंच नसतं.

जुनी जागा म्हणजे बहुतेक जण इंडेक्स, म्हणजे रांगेतला नंबर, ठेवतात, आणि तिथे एक खड्डा आहे. समजा कॉलममध्ये क, ख, ग, घ, च अशी पाच कार्डं आहेत, मोजणी शून्यापासून. 'घ' हे ३ नंबरवर आहे, ते वर ओढून १ नंबरवर आणलं. आता क्रम क, घ, ख, ग, च. अनडूसाठी तुम्ही सरळ लिहिलं की ३ नंबरवर जे आहे त्याच्या आधी 'घ' घाला. ३ नंबरवर आता 'ग' आहे, त्यामुळे क्रम झाला क, ख, घ, ग, च. चुकलं! कारण मोजताना 'घ' स्वतःही रांगेत उभं होतं. आधी 'घ' बाहेर काढा, उरलं क, ख, ग, च, मग ३ नंबरच्या 'च'च्या आधी घाला, आता क्रम बरोबर. वाईट भाग हा की कार्ड खाली ओढून अनडू केलं तर चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो, म्हणून टेस्ट करताना फक्त खाली ओढून बघणाऱ्याला हा बग सापडतच नाही.

त्यापेक्षा इंडेक्सच्या नादी लागूच नका. प्रत्येक कार्डाला क्रमाचा आकडा द्या, १०००, २०००, ३००० असा. दोघांच्या मध्ये कार्ड टाकलं की १५००. अनडू म्हणजे जुना आकडा परत देणं, बस. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी चार कार्डं घुसवली तरी आपलं कार्ड योग्य शेजाऱ्यांमध्येच जाऊन बसतं. पूर्णांक वापरत असाल तर एकाच फटीत पुन्हा पुन्हा टाकत गेल्यावर साधारण ९-१० वेळांत जागा संपते, तेव्हा त्या कॉलमचे आकडे परत हजार-हजारच्या अंतराने लावून घ्या, पण असे नवीन आकडे लावले की लिहून ठेवलेले जुने आकडे बाद होतात हे लक्षात ठेवा, त्यावेळी शेजारच्या कार्डाचा आयडीही जवळ असला तर वाचता.

पायरी ४ : आधी हलवा, मग सर्व्हरला सांगा, नाही म्हणाला तर परत आणा

ड्रॉप झाल्यावर सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत कार्ड जुन्या जागी उडी मारून बसतं आणि मग अर्ध्या सेकंदाने नवीन जागी येतं, असं बऱ्याच बोर्डवर दिसतं. वापरणाऱ्याला वाटतं ड्रॉप लागलाच नाही, तो परत ओढतो. म्हणून स्क्रीनवर लगेच हलवायचं. सर्व्हरकडून एरर आली तर पायरी ३ मधला ऑब्जेक्ट वापरून मागे न्यायचं, आणि गपचूप नाही, सांगून. 'नेट गेलं, बी-३०४ परत "नवीन"मध्ये ठेवलंय' असं काहीतरी. न सांगता कार्ड मागे गेलं तर लोक समजतात अ‍ॅपमध्ये भूत आहे.

आता एक बारीक गोष्ट. माणसाने कार्ड ओढलं आणि लगेच अनडू दाबलं, पहिल्या रिक्वेस्टचं उत्तर अजून यायचंय. दोन्ही रिक्वेस्ट एकाच वेळी वाटेत आहेत आणि आधी कुठली पोचेल याची काहीही गॅरंटी नाही. अनडू आधी पोचला आणि मूळ बदल नंतर, तर स्क्रीनवर कार्ड जुन्या जागी आणि डेटाबेसमध्ये नव्या, रिफ्रेश केल्यावर कार्ड उडी मारणार. उपाय साधा आहे, प्रत्येक कार्डाची रिक्वेस्टची छोटी रांग ठेवा, पहिलीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. अनडू बटण तेवढा वेळ बंद ठेवणं हा उपाय नाही, कारण माणसाला अनडू सगळ्यात जास्त हवा असतो तो नेमका त्याच दोन सेकंदांत.

पायरी ५ : अनडूची पट्टी

खाली येणारी ती छोटी पट्टी, टोस्ट. त्यात 'यशस्वीरीत्या अपडेट झाले' लिहू नका, त्यातून काय कळतं? काय हललं आणि कुठे गेलं ते लिहा. 'बी-३०४ गळती "काम चालू"मध्ये गेलं' आणि बाजूला 'परत आणा' बटण. चुकून ओढलेल्या माणसाला मुळात हेच ठाऊक नसतं की काय हललं, त्याला नाव वाचून कळतं.

वेळ ८ ते १० सेकंद ठेवा, ३ सेकंदात वाचून, समजून, माउस तिथपर्यंत नेऊन दाबणं सगळ्यांना जमत नाही. माउस पट्टीवर आला किंवा कीबोर्डचा फोकस बटणावर आला की टायमर थांबवा, बटण दाबायला जाताना पट्टी डोळ्यासमोर विरून जाणं याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही. पट्टी बोर्डच्या शेवटच्या कार्डावर बसत नाही ना तेही बघा, मोबाइलवर हे नेहमी होतं.

दहा सेकंदांनी पट्टी गेली की अनडूही गेला असं मात्र करू नका. कार्ड उघडल्यावर आत इतिहास दाखवा, 'मॅनेजरने ११:४० ला "नवीन"मधून "झालं"मध्ये नेलं', आणि तिथूनही परत नेता येऊ दे. पट्टी घाईतल्या माणसासाठी, इतिहास दुपारी जेवून आल्यावर लक्षात येणाऱ्यासाठी.

कंट्रोल-झेड पण द्या, मॅकवर कमांड-झेड. पण फोकस टेक्स्ट बॉक्समध्ये असेल तर तुमचा अनडू चालवायचा नाही, ब्राउझरचाच चालू द्या, नाहीतर माणूस कमेंटमधला शब्द खोडायला कंट्रोल-झेड दाबतो आणि मागे बोर्डवरचं कार्ड सरकतं. अनडूची यादी ज्याची त्याची वेगळी, माझ्या कंट्रोल-झेडने सेक्रेटरींचं कार्ड हलायला नको. पाच कार्डं निवडून एकत्र ओढली असतील तर ती एकाच अनडूत परत. रिडू पहिल्या व्हर्जनमध्ये नसला तरी चालतं.

पायरी ६ : सर्व्हरवर अनडू म्हणजे नवीन बदल

नवीन लोक कधीकधी अनडूसाठी अख्ख्या बोर्डचा फोटो काढून ठेवतात, म्हणजे आधीची पूर्ण स्टेट, आणि अनडूला ती सगळी परत लिहितात. एकट्याच्या अ‍ॅपला ठीक आहे. इथे मधल्या दहा सेकंदांत सेक्रेटरींनी दोन कार्डं हलवलेली असतील तर तुमचा अनडू त्यांचंही काम पुसून टाकणार. म्हणून फक्त उलटी हालचाल पाठवा, 'हे कार्ड, या कॉलममध्ये, या आकड्यावर'.

तेच कार्ड दुसऱ्याने हलवलं असेल तर? कार्डाला व्हर्जन नंबर द्या, प्रत्येक बदलाला एकाने वाढणारा. अनडू पाठवताना सांगायचं की मला माहीत असलेलं व्हर्जन ८ आहे. सर्व्हरवर ९ असेल तर त्याने ४०९ कॉन्फ्लिक्ट हा एरर कोड द्यायचा आणि तुम्ही दाखवायचं, 'हे कार्ड मधल्या वेळात सेक्रेटरींनी हलवलंय, म्हणून परत आणलं नाही'. जबरदस्तीने ओढून आणू नका, दोन माणसं एकमेकांचे बदल उलटवत बसतील.

पायरी ७ : एसएमएस थांबवून ठेवा

'झालं'मध्ये ड्रॉप. पहिला विचार येतो तो पॉपअपचा, पण मॅनेजर संध्याकाळी पंधरा तक्रारी एकदम बंद करत असेल तर पंधरा पॉपअप, आणि मग परत तेच, न वाचता ओके. जीमेलचा 'अनडू सेंड' आठवा, तो पाठवलेला मेल परत खेचून आणत नाही, तो मेल मुळात पाठवायलाच उशीर करतो. ५, १०, २० किंवा ३० सेकंद, तुम्ही सेटिंगमध्ये निवडाल तेवढा. आपणही तेच करू. कार्ड लगेच हलवा, एसएमएस मात्र 'एका मिनिटाने पाठव' म्हणून रांगेत टाका, आणि पट्टीत लिहा, 'एक मिनिटात रहिवाशांना एसएमएस जाईल'. अनडू दाबला की रांगेतला एसएमएस रद्द.

हा उशीर सर्व्हरवर ठेवायचा, ब्राउझरच्या सेटटाइमआउटमध्ये (जावास्क्रिप्टचा टायमर) नाही. ब्राउझरमध्ये ठेवला आणि मॅनेजरने टॅब बंद केला तर एसएमएस कधीच जात नाही. आणि पाठवायच्या क्षणी सर्व्हरने परत एकदा बघायचं की कार्ड अजून 'झालं'मध्येच आहे का, कारण ते अनडू न दाबता नुसतं हाताने ओढून परत नेलेलंही असू शकतं.

पायरी ८ : जिथे विचारायचंच आहे तिथे नीट विचारा

कंत्राटदाराची पट्टी. इथे उशिराचा फार उपयोग नाही, काम तातडीचं आहे आणि मोबाइल नंबर एकदा त्याने बघितला की बघितला. तर विचारा.

ब्राउझरचं तयार कन्फर्म वापरू नका. ते पेज जागच्या जागी गोठवतं, आणि बटणांवर आपले शब्द घालता येत नाहीत. स्वतःचा डायलॉग करा, एचटीएमएलचा डायलॉग टॅग पुरतो. प्रश्न असा लिहा की त्यातून नवीन माहिती मिळाली पाहिजे. 'तुम्हाला खात्री आहे का?' यात माहिती शून्य. 'बी-३०४ ची तक्रार कंत्राटदाराला दिसेल. सोबत रहिवाशांचा मोबाइल नंबरही जाईल.' आणि बटणं 'पाठवा' आणि 'राहू दे'. 'होय' आणि 'नाही' नको, प्रश्न न वाचता फक्त बटण वाचणाऱ्यालाही कळलं पाहिजे. मधला रस्ताही देता येतो, 'नंबर न देता पाठवा', आणि माझ्या मते बऱ्याचदा तेच हवं असतं.

डायलॉग उघडा असताना कार्ड कुठे दाखवायचं? नवीन जागी, पण फिकट. जुन्या जागी उडवलं तर माणसाला वाटतं ड्रॉप रद्द झाला आणि हा प्रश्न कशाचा. 'राहू दे' किंवा एस्केप दाबलं की कार्ड बरोबर मूळ जागी, कॉलमच्या तळाला नाही. फोकस आधी 'राहू दे'वर ठेवा म्हणजे चुकून एंटर दाबला तरी नंबर बाहेर जात नाही. 'परत विचारू नका'चा चेकबॉक्स इथे देऊ नका, तो टिक करण्याइतका प्रश्न फालतू असेल तर तो प्रश्नच काढून टाका.

पायरी ९ : न ओढता हलवायची सोय

हे शेवटी लिहिलंय पण बांधायला घ्याल तेव्हा खरं तर आधी घ्या. हात थरथरणारा माणूस, ट्रॅकपॅडला वैतागलेला माणूस, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा माणूस, यांना ओढणं जमत नाही किंवा नकोसं होतं. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे नियम, डब्ल्यूसीएजी २.२, ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, त्यात २.५.७ हा मुद्दा नेमका हाच आहे की ओढून जे करता येतं ते न ओढता, साध्या क्लिक-टॅपनेही करता आलं पाहिजे. लेव्हल डबल-ए (तीन पातळ्यांतली मधली), त्यामुळे मोठी कंपनी किंवा परदेशी क्लायंट असेल तर विचारणारच.

कार्डावर तीन ठिपक्यांचा मेनू, त्यात 'हलवा', मग कॉलमची यादी आणि 'वर', 'खाली'. झालं. कीबोर्डनेही हाच मेनू चालला की त्याचीही सोय झाली. जुन्या लेखांत एरिया-ग्रॅब्ड आणि एरिया-ड्रॉपइफेक्ट (स्क्रीन रीडरला माहिती देण्यासाठी एचटीएमएलमध्ये लिहायच्या खुणा) सापडतील, ते केव्हाच बाद ठरवलेत, वापरू नका. त्याऐवजी पट्टीचा मजकूर एरिया-लाइव्हच्या 'पोलाइट' भागात टाका म्हणजे स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो.

आणि यात तुमचा स्वतःचाही फायदा आहे. मेनू, ड्रॅग आणि कंट्रोल-झेड या तिघांनी मिळून एकच 'कार्ड हलव' फंक्शन वापरलं की प्रश्न, उशीर, व्हर्जन, इतिहास हे सगळं त्या एका जागी येतं. ड्रॉप इव्हेंटच्या आतच सगळा कोड कोंबला तर मेनूतून हलवलेल्या कार्डाचा एसएमएस जातच नाही आणि महिनाभर कुणाला कळतही नाही.

बांधून झाल्यावर एवढं करून बघा. दोन ब्राउझर उघडा, वेगवेगळ्या लॉगिनने. एकात कार्ड हलवा, दुसऱ्यात तेच कार्ड हलवा, मग पहिल्यात अनडू दाबा. डेव्हटूल्समध्ये नेट 'स्लो' करून ओढा आणि लगेच अनडू दाबा, मग रिफ्रेश करा. नेट पूर्ण बंद करून ओढा. कार्ड वर ओढून अनडू, खाली ओढून अनडू, पहिलं कार्ड, शेवटचं कार्ड, रिकामा कॉलम. ओढता ओढता मध्येच एस्केप. 'झालं'मध्ये टाकून टॅब बंद करा आणि एका मिनिटाने एसएमएस आला का बघा, स्वतःच्याच नंबरवर, रहिवाशांच्या नाही.